होक्कियन न येणारा मुलगा

जू चियात, सिंगापूर
१२ जुलै १९६४

चि. किम वाट यास थोरल्या बहिणीचे, ताचीचे, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि मलाक्क्याचा ताडगूळ दोन्ही पोचलं. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. त्या तुझ्या घरच्या की पोस्टातल्या, हे काही कळलं नाही. मी झटकून टाकल्या आणि गूळ ठेवून घेतला.

बातमी अशी की आपल्या बेंग लियाटचं लग्न ठरलं. मुलगी ओंग कापडवाल्यांची, रंगाने उजळ, बोलायला कमी. माझ्या घरात बोलायला मी पुरेशी आहे. फक्त परवाची फजिती ऐक. ओंग स्वतः जावई बघायला आले. खुर्चीत बसले, चहा घेतला आणि बेंग लियाटला त्यांच्या होक्कियन या चिनी बोलीत काहीतरी विचारलं. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय. तेवढ्यात शेजारचा युसुफ मासळी घेऊन मागच्या दाराने आला, आणि त्या पोराने तिथूनच फाडफाड होक्कियनमध्ये उत्तर दिलं! मासळीबाजारात व्यापाऱ्यांच्या कानात भाव कुजबुजायचं काम करतो ना तो. ओंग हसून म्हणाले, या घरात सगळं उलटंच दिसतंय, मलय पोरगा चिनी बोलतो आणि चिनी पोरगा मलय. आम्ही बाबा लोक, पिढ्यान्‌पिढ्या घरात मलय बोलणारे चिनी, म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं त्यांना म्हणायचं होतं. मला ते झोंबलं.

युसुफची आई सोम कुंपणापाशीच होती. तिला गप्प कुठलं बसवतंय! ती ओंगना म्हणाली, शेठ, जपान्यांनी याच्या बापाला ट्रकमध्ये घालून नेलं तेव्हा हिचं दूध आटलं. मी एकीकडे युसुफला धरलं आणि दुसरीकडे याला. माझंच दूध प्याला तो, मग बोलणार कुणाची बोली? आमच्या धर्मात हे दोघे सख्खे भाऊच. ओंगना हसू आवरेना. तसं खरंच आहे ते.

लग्नाला आठ दिवस आधी ये. सारोंग घालून मलय म्हणी म्हणणारा मामा बघून ओंग या वेळी चक्कर येऊनच पडतील. मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.

तुझी ताची
ग्योक नियो

---

मलाक्का
१८ जुलै १९६४

ती. ताचीस किम वाटचा शि. सा. न. वि. वि.

मुंग्या पोस्टातल्याच. आमच्या घरच्या असत्या तर गूळ उरलाच नसता.

भाच्याचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. ओंगना माझा निरोप दे की मुलाला होक्कियन येत नसली तरी त्याला बायकोचं ऐकून घेता येतं. तुझ्या हाताखाली वाढलाय. आणि युसुफला लग्नात बेंग लियाटच्या शेजारी बसव. सासऱ्याने काही विचारलं की तोच उत्तर देईल.

इथे वर्तमानपत्रात तिकडच्या चिनी-मलय भांडणांबद्दल बरंच काही येतंय. दोन्हीकडचे पुढारी रोज एकमेकांवर तोंड सोडतात. तू लक्ष देऊ नकोस, पण पोरांना संध्याकाळी वेळेवर घरी बोलाव.

सर्वांना नमस्कार. लोभ आहे, तो सून आल्यावरही राहो.

तुझा
किम वाट

---

जू चियात
२७ जुलै १९६४

चि. किम वाट यास आशीर्वाद.

अक्षर लागलं नाही तर समजून घे. संचारबंदी थोडा वेळ उठली आहे, तेवढ्यात लिहून टाकते.

मंगळवारी मलय लोकांची पैगंबर जयंतीची मिरवणूक होती. दुपारनंतर दंगल पेटली. बेंग लियाट कचेरीतून निघाला होता आणि युसुफ त्याला आणायला सायकलवर गेला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा जळत होती. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दुकानातून ओढून काढलं आणि त्याच्याच पाटावर त्याचं डोकं ठेचलं. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. मग दारावर थाप पडली. उघडलं तर युसुफ उभा, आणि सायकलच्या दांडीवर माझा मुलगा धान्याच्या पोत्यासारखा आडवा. जबडा एका बाजूला लोंबत होता. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. मी ती बोटं त्याच्या खिशात शोधली, इतकी मी वेडी झाले होते.

आणि किम वाट, युसुफच्या अंगावर साधा ओरखडा नाही!

मी विचारलं कुणी मारलं, तर म्हणतो, पुलापाशी चिनी पोरांनी. चिनी पोरं चिन्याला मारतील आणि मलय पोराला सोडून देतील? मी काय कालची आहे? यानेच त्याला स्वतःच्या मलय लोकांच्या घोळक्यात नेलं असणार आणि मग घाबरून पाठ फिरवली असणार.

इस्पितळात जबडा तारांनी बांधलाय. बोलता येत नाही, हाताला पट्ट्या म्हणून लिहिताही येत नाही. मी त्याच्या कानाशी विचारलं, बाळा, युसुफने तुला काय केलं रे? तर त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तो घशातून असा आवाज काढायला लागला की नर्स धावत आली. आणखी काय पुरावा पाहिजे?

काल सोम पेज घेऊन आली. मी ते गरम पातेलं तिच्याच अंगणात भिरकावलं. तिच्या पायावर सांडलं. ती ओरडली नाही, पातेलं उचलून घरात गेली. भाजू दे.

तुझी
ताची

---

मलाक्का
३१ जुलै १९६४

ती. ताचीस शि. सा. न.

पत्र वाचून घरात चूल पेटली नाही. डॉक्टर सोडतील त्या दिवशी मुलाला इकडे पाठव. इथे शांत आहे, तुझी वहिनी त्याला नळीने का होईना पण चारेल.

रागावू नकोस, पण लहान भाऊ असलो तरी एक बोलतो. आई तुला नेहमी म्हणायची, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मुलगा बोलायला लागेपर्यंत युसुफबद्दल कुणापुढे अवाक्षर काढू नकोस. रडला म्हणजे काय सांगायचं होतं, हे आपल्याला ठाऊक नाही. ज्या बाईने जपान्यांच्या काळात त्याला स्वतःचं बाळ म्हणून छातीशी लपवलं, तिच्या पायावर गरम पेज? ताची, मला ते वाचवेना.

तुझा
किम वाट

---

जू चियात
१५ ऑगस्ट १९६४

चि. किम वाट यास आशीर्वाद.

मुलाला उद्याच्या बसने चुलत भावाबरोबर पाठवतेय. तोंडाच्या तारा तुमच्याकडचा डॉक्टर महिनाअखेर काढेल. तांदळाची पेज पातळ द्यायची, आणि त्याला आरसा दाखवायचा नाही.

ओंगकडून निरोप आला की मुलीची पत्रिका पुन्हा पाहिली, योग जुळत नाही. आधी जुळत होता. बोटं गेली आणि योग गेला. मी निरोप्याच्या मागे उंबऱ्यापर्यंत थुंकत गेले.

तू मला गप्प बस म्हणतोस. बसलेय. पण रोज सकाळी युसुफ माझ्या दारावरून शीळ घालत बाजाराला जातो, दोन्ही हातांची सगळी बोटं घेऊन. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात हल्ली चिनी टोळीची काही माणसं बसतात. त्यांच्यात एक सोन्याचा दात बसवलेला आहे, तो मोडकंतोडकं मलय बोलतो. परवा त्याने मला विचारलं, आजी, तुमच्या पोराला कुणी मारलं? नाव सांगा, आमची माणसं बघून घेतील. मी नाव सांगितलं नाही. पण रात्रभर ते नाव माझ्या तोंडात होतं.

तुझी
ताची

---

मलाक्का
२९ ऑगस्ट १९६४

ती. ताचीस शि. सा. न.

हे पत्र हातात पडताच बसून वाच. काल तारा काढल्या. बेंग लियाट बोलला. शब्द जड येतात, लाळ गळते, पण जे सांगितलं ते स्वच्छ सांगितलं. मी जसंच्या तसं लिहितो.

पुलापाशी त्यांना अडवणारी पोरं चिनीच होती. हातात लोखंडी नळ्या, सायकलच्या साखळ्या आणि कोयते. त्यांनी बेंग लियाटला होक्कियनमध्ये नाव विचारलं. त्याला कळलं नाही. तो इंग्रजीत बोलला, मग घाबरून मलयमध्ये. ते हसले. म्हणाले, हा मलयच, चिनी सदरा घालून फसवतोय. पहिला दणका जबड्यावर बसला. युसुफला त्यांच्यातल्या एकाने ओळखलं होतं. तो बाजारातला म्हणून त्याला बाजूला केलं, जा म्हणाले. तो गेला नाही. त्यांच्या बोलीत शिव्या घालत, पाया पडत सांगत राहिला की हा चिनी आहे, याच्या बापाला जपान्यांनी मारलं तो चिनी म्हणूनच मारला, याच्या घरात पूर्वजांच्या पूजेचा पाट आहे, चला दाखवतो. एकाने गंमत म्हणून बेंग लियाटचा हात दगडावर धरला आणि म्हणाला, एक ते दहा आपल्या बोलीत मोज. त्याला दोनपर्यंत येत होतं.

ताची, तिसऱ्याला कोयता पडला.

युसुफने दगडावर स्वतःचा हात ठेवला आणि पुढचे आकडे तो ओरडून मोजायला लागला. तेवढ्यात पोलिसांची गाडी दिसली म्हणून ती पोरं पळाली. पुढे गेयलांगच्या वळणावर मलय पोरांचा घोळका होता. ते म्हणाले, हा चिनी आम्हाला दे. युसुफ म्हणाला, हा माझा दूधभाऊ आहे, याला हात लावायचा तर आधी माझ्या आईला विचारून या. तिथून तो आला तुझ्या दारात.

मुलगा इस्पितळात रडला तो तुझा प्रश्न ऐकून. आजही सारखा विचारतो, आईने युसुफला जेवायला बोलावलं का. मी त्याला हो सांगितलंय. माझं खोटं खरं कर.

तुझा
किम वाट

---

जू चियात
२९ ऑगस्ट १९६४

चि. किम वाट यास आशीर्वाद.

तुझ्याकडून बरेच दिवसांत पत्र नाही. मुलाच्या तारा निघाल्या का?

मी सांगून टाकलं. काल दुकानावरून जात होते. सोन्याच्या दाताने पुन्हा विचारलं, आणि मी बोट करून घर दाखवलं. हिरव्या खिडक्यांचं, युसुफ नाव, मासळीबाजारात कामाला. तो म्हणाला, ठीक आहे आजी, वेळ आली की. घरी येऊन पूर्वजांपुढे उदबत्ती लावली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मिरच्यांचं सांबालही वाटलं.

तू चिडशील. चीड. तुझ्या मुलांची बोटं शाबूत आहेत.

तुझी
ताची

---

मलाक्का
२ सप्टेंबर १९६४

ताची,

नमस्कार लिहायला वेळ नाही. तुझं पत्र आत्ता मिळालं. माझं पोचलं का? नसेल तर हे वाच: युसुफने काही केलं नाही. त्याने मुलाला वाचवलं. कॉफीच्या दुकानात जा आणि तुझं बोलणं मागे घे. ते ऐकत नसतील तर सोमचं घर रिकामं कर. मी तार केली आहे, पण तारवाला म्हणतो तिकडे पुन्हा दंगल सुरू झाली, कधी पोचेल सांगता येत नाही. मी निघालोय, वाटेत अडवलं तर परत फिरावं लागेल. बेंग लियाटला तुझं पत्र दाखवलेलं नाही.

किम वाट

---

जू चियात
१२ सप्टेंबर १९६४

चि. किम वाट यास,

तुला जोहोरच्या पुलावरून परत पाठवलं असं चुलत भाऊ म्हणाला. आला असतास तरी उशीर झाला होता. डावा हात मोडलाय, उजव्याने लिहितेय.

तुझं मोठं पत्र दोन तारखेला दुपारी आलं. वाचलं आणि तशीच अनवाणी दुकानात धावले. सोन्याचा दात तिथे नव्हता. दुसरे होते, त्यांना मलय येत नाही. मी हात जोडले, मान हलवली, घराकडे बोट करून नको नको म्हटलं. ते हसले, एकाने माझी नक्कल केली. माझ्याजवळ त्यांना सांगायला एक शब्द नव्हता रे. साठीला आले, जन्मभर चिनी म्हणून मिरवले, आणि नको हा शब्द मला येत नव्हता.

तिथून सोमकडे गेले. महिन्याभरात पहिल्यांदा. त्यांना म्हटलं, सगळे माझ्या घरी चला. सोम म्हणाली, का? पेज सांडायची राहिलीय का अजून? मी का ते सांगायला हवं होतं. पण नेहमी नको तिथे चालणारी जीभ त्या वेळी उचलेना. नुसती म्हणत राहिले, चल, चल. युसुफ हसून म्हणाला, बिबीक मावशी, एवढी माया आली असेल तर उद्या जेवायलाच येतो. तेवढ्यात संचारबंदीचा भोंगा झाला. मग मी घरी जाऊन सांबाल वाटायचा दगडी बत्ता घेतला आणि येऊन त्यांच्या पायरीवर बसले. सोम दारातून बघत होती, तिला वाटलं मला वेड लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, गल्लीच्या तोंडाकडून, सात-आठ जण. सोमने युसुफला परसातून भिंतीवर चढवलं; तो पलीकडे उतरलाही होता. मी दारात उभी राहिले, ओरडले की माझी चूक झाली, परत जा. पण मी ओरडले ते मलयमध्ये. अंगावर सारोंग आणि कबाया, मलय बायका घालतात तसेच. त्यांना दारात एक मलय म्हातारी दिसली. पहिल्याने साखळी मारली, माझं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. मीही बत्ता घातला एकाच्या गुडघ्यावर; तो कोसळला, आणि मला बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू. मग त्यांनी मला केसांना धरून पायऱ्यांवर आपटलं. मी किंचाळले.

ती किंकाळी ऐकून युसुफ परत आला. भिंत ओलांडून, घरातून धावत, आणि माझ्या अंगावर आडवा पडला. त्यांच्या बोलीत ओरडायला लागला. तेव्हा मागून तो सोन्याचा दात पुढे आला. त्याने मला ओळखलं. मलयमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, अहो आजी, तुम्हीच घर दाखवलंत, तुम्हीच नाव दिलंत, आणि आता तुम्हीच आडव्या येता?

युसुफने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. किम वाट, त्याला उठता आलं असतं. तो उठला नाही. कोयते त्याच्या पाठीवर पडत होते आणि प्रत्येक घावाचा धक्का मला कळत होता. मला एकही लागला नाही.

लष्कराची गाडी आली तेव्हा ते पळाले. युसुफ तिथेच गेला. माझ्या कबायावरचं त्याचं रक्त वाळून ताठ झालं होतं, ती कात्रीने कापून काढावी लागली. त्याला दुसऱ्या दिवशी संचारबंदीचा परवाना काढून पुरलं. सोम माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तिचा ड्रायव्हर नवरा गाडी घेऊन जोहोरात क्लुआंगला अडकला होता, तो दफन झाल्यावर पोचला.

हे पत्र मुलाला वाचायला दे. तू खोटं सांगू नकोस.

ताची

---

मलाक्का
१८ सप्टेंबर १९६४

ती. ताचीस,

पत्र त्याला दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. रडला नाही. भांड्यांच्या फळीवर हात मारला, सगळी भांडी फुटली, उरलेल्या बोटांना टाके पडले. मग म्हणाला, मामा, बसचं तिकीट काढा. मी विचारलं, आईकडे जातोस ना? तो बॅग भरायला लागला.

तू मोठी आहेस, तुला काय लिहू. तुझी वहिनी म्हणते, तुला एकटीला सोडू नये. रस्ते मोकळे झाले की मी येतो.

किम वाट

---

जू चियात
२६ सप्टेंबर १९६४

चि. किम वाट यास अनेक आशीर्वाद.

बेंग लियाट मंगळवारी आला. मी सकाळपासून दारात होते. त्याच्या आवडीचं सगळं रांधलं होतं, चावता येणार नाही म्हणून मऊ शिजवलं होतं. तो गल्लीत वळला, माझ्या दारावरून पुढे गेला आणि सोमच्या पायरीवर बॅग ठेवून बसला. त्याच पायरीवर.

मी हाक मारली. त्याने ऐकली, मान नाही वळवली. सोम बाहेर आली, त्याला म्हणाली, ऊठ, आईकडे जा, तिचा हात मोडलाय, तिला वाढून द्यायलाही कुणी नाही. खरंच म्हणाली, माझ्यासमोर म्हणाली. तो म्हणाला, माक, आई, तुला दोन मुलगे होते, आता एक आहे, त्याला आत घे नाहीतर तो इथेच बसेल. ऊन चढलं, पाऊस येऊन गेला, तो बसूनच. शेवटी तिने त्याचा हात धरून त्याला उठवलं. आत गेल्यावर ती जी ओरडून रडली ती गल्लीने ऐकली. मुलगा गेल्यापासून ती रडलीच नव्हती.

काल दोन पोलीस अधिकारी आले. एक आपल्यासारखाच बाबा, दुसरा तमिळ, दोघेही सभ्य. त्यांनी सोमला विचारलं, एवढ्या घरांतून नेमकं हेच घर का? यांना कुणी पाठवलं होतं? मी शेजारीच उभी होते. सोम म्हणाली, मला ठाऊक नाही, साहेब. तिच्या नवऱ्यानेही तेच सांगितलं. बेंग लियाट जमिनीकडे बघत राहिला. त्यांतल्या एकाने मला विचारलं, तुम्ही काही पाहिलंत का, आजी? मी नाही म्हणाले.

ते गेल्यावर मी सोमला म्हटलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुला फासावर चढवून मी या पोराला काय सांगू? घरात आहे तेवढं दुःख पुरे. आणि तिने दार लावलं. जोरात आपटलं असतं तर बरं झालं असतं.

किम वाट, तुला येताना तुझा मोठा मुलगा बरोबर आणावा लागेल. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पूर्वजांपुढे उदबत्ती लावायला या घरात मुलगा नाही. माझ्या हातची ते घेतील असं मला वाटत नाही. किल्ली पाण्याच्या रांजणामागे ठेवतेय, कारण तू पोचशील तेव्हा मी घरी नसेन.

आज सकाळी स्वच्छ कबाया घातली आहे. पोलीस चौकी उघडली की जाते. त्या सोन्याच्या दाताचं तोंड मला पाठ आहे आणि तो कुठे बसतो तेही. कुणाच्या सांगण्यावरून आला होता, हेही सांगणार आहे. लोक म्हणतात त्या टोळीविरुद्ध जबाब देणारा फार दिवस जगत नाही. असेल. मला अडवायला तार करू नकोस, ती इथे कुणी घेणार नाही.

मुलाला सांगू नकोस. त्याला वाटेल मी त्याला परत मिळवायला गेले. तसं थोडं आहेही, पण तो येणार नाही हे मला ठाऊक आहे.

मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार. लोभ असावा असं या वेळी मी लिहीत नाही. उरला असेल तर तो सोमकडे दे.

तुझी बहीण
ग्योक नियो